1224 मध्ये एक, 112 वर्षांत एक

दिल्लीतल्या मुनिरक्याच्या गल्ल्यांत समोरासमोरच्या बाल्कन्या एकमेकींना टेकायच्या बेतात असतात. माणसांनी गच्च भरलेल्या या वस्तीच्या शेजारी, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला (जेएनयू) लागून, राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे. तिचे संस्थापक संचालक डॉ. जी. पी. तलवार आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांसाठी गर्भनिरोधक लस तयार केली. 1994 साली निष्कर्ष छापून आले: रक्तात पुरेशी प्रतिपिंडं असतानाची मासिक चक्रं 1224, त्यांत गर्भधारणा एक.

पिंजऱ्यातल्या सुमात्रा गेंड्याला अशी लस लागत नाही. 1889 साली कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात त्याचं एक पिल्लू जन्मलं. पिंजऱ्यातच गर्भ राहून पुढचं जन्मलं आणि जगलं ते 2001 मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. मधे 112 वर्षं! 1889 मध्येच नेहरू जन्मले. ते पंतप्रधान झाले, गेले, त्यांच्या नावाचं विद्यापीठ मुनिरक्याशेजारी उभं राहून त्यालाही 32 वर्षं झाली, तेव्हा कुठे असं दुसरं पिल्लू. आणि प्रयत्न कमी नव्हते: 1984 ते 1996 मध्ये 40 गेंडे पकडले गेले होते.

घोळ असा की ही मादी समागम झाल्याशिवाय बहुधा बीज सोडतच नाही. नर आत सोडावा तर चुकीच्या दिवशी दोघं एकमेकांना फाडायला उठतात. सिनसिनाटीच्या एमी या मादीचा दिवस रोजच्या सोनोग्राफीने हेरला, तरी पाच गर्भ गेले. सहाव्याला प्रोजेस्टेरॉन देत सोळा महिने सांभाळलं, तेव्हा 2001 चं ते पिल्लू, अंदालास, झालं.

न वापरलेलं गर्भाशय नुसतं पडून राहत नाही, बिघडतं. हत्तिणीचा हिशेब करून पाहा. रानात 22 महिने पोटात पिल्लू, मग काही वर्षं अंगावर. माजावर येण्याचे प्रसंग मोजकेच. पिंजऱ्यातली एकटी हत्तीण मात्र दर पंधरा आठवड्यांनी माजाच्या फेऱ्यात. चाळीस वर्षं धरली तर जवळपास 140 फेऱ्या, सगळ्या फुकट. प्रत्येक फेरीत संप्रेरकांची भरती-ओहोटी, आणि त्यातून गर्भाशयात गाठी. पिल्लू न झालेल्या हत्तिणींत त्या जास्त आढळतात, गेंड्यांतही.

मलेशियातली शेवटची सुमात्रा गेंडीण इमान 2014 साली पकडली गेली. तिच्याकडून बीजं मिळत होती. गर्भाशय मात्र गाठींनी भरलेलं होतं. 23 नोव्हेंबर 2019 रोजी ती गेली.