राजीनाम्यानंतरची ओळख
नोकरीतून उद्योगाकडे वळण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माणसाची ओळख बहुधा त्याच्या नोकरीवरून ठरते. गावात कोणी फौजी असतो, कोणी मास्तर, कोणी कारखान्यातला, तर कोणी बँकेतला, आणि निवृत्त होऊन वीस वर्षे लोटली तरी ही उपाधी नावाला चिकटून राहते. अपशिंग्यासारख्या गावाची पिढ्यानपिढ्यांची सैनिकी परंपरा, मुंबईच्या कापडगिरण्यांवर आणि माथाडी कामावर उभे राहिलेले हजारो संसार, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतून घडलेली शिक्षकांची फळी आणि सहकारी साखर कारखान्यांचा दरमहा येणारा पगार, या सर्वांनी या भागाला स्थैर्य दिले आणि त्याबरोबरच स्थैर्याची एक ठरावीक कल्पनाही रुजवली. त्यामुळे नोकरी सोडून स्वतःचा उद्योग उभारू पाहणाऱ्या व्यक्तीपुढे भांडवलाच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून अवघड, असा ‘आता आपण कोण’ हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची जी तयार उत्तरे समाजात फिरत असतात त्यांतील बरीचशी वस्तुस्थितीला धरून नाहीत.

त्यांतील सर्वांत जुना समज असा की, मराठी माणूस वृत्तीनेच नोकरदार असून उद्योग हा त्याचा पिंड नव्हे. या समजाला सर्वांत ठाम उत्तर सांगली जिल्ह्यातील खानापूर व आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील खटाव व माण या दुष्काळी तालुक्यांनी दिले आहे. विटा आणि परिसरातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, काश्मीरपासून केरळपर्यंतच्या सराफ बाजारांत पसरलेले आहेत. जुने दागिने वितळवून त्यांत ठरावीक प्रमाणात चांदी मिसळायची, त्या मिश्रधातूचे बारीक दाणे किंवा पातळ पत्रे करून ते तेजाबात, म्हणजे नत्राम्लात, उकळायचे, चांदी व तांबे विरघळून गेल्यावर तळाशी उरलेले सोने धुऊन पुन्हा मुशीत वितळवायचे आणि आम्लात गेलेली चांदी तांब्याच्या पत्र्याच्या साहाय्याने परत मिळवायची, असे हे काम आहे. गावाकडचा मुलगा बहुधा एखाद्या नातेवाइकाच्या किंवा गावकऱ्याच्या दुकानात पगारावर राहून ते शिकतो. परंतु केवळ कृती शिकून तो दुकानदार होत नाही. आपल्या समोर गाळायला दिलेले सोने वजनात आणि कसात चोख परत मिळते, हा भरवसा त्या बाजारातील सराफांना त्या मुलाविषयी वाटू लागला, की तो पगारी असतानाच त्याची स्वतंत्र ओळख तयार होऊ लागते आणि दुकानावरची पाटी पुढे केव्हातरी लागते. ज्या भागात पाऊस नाही, मोठे भांडवल नाही आणि उद्योगाचे औपचारिक शिक्षणही नव्हते, तेथून अशी माणसे पिढ्यानपिढ्या निघत असतील, तर पिंडाचा सिद्धांत टिकत नाही.

दुसरा समज अधिक घातक आहे, कारण तो शौर्याच्या भाषेत सांगितला जातो. उद्योग करायचा तर परतीचे दोर कापून टाकावेत, राजीनामा द्यावा आणि त्याच दिवसापासून माणूस उद्योजक व्हावा, अशी ही कल्पना आहे. सिंहगडावर कापलेले दोर लढाईत उपयोगी ठरले असतील, पण संसाराच्या हिशेबात ते उपयोगी पडतातच असे नाही. नोकरी चालू ठेवून तिच्याच जोडीने उद्योग सुरू करण्याच्या पद्धतीला व्यवस्थापनशास्त्रात संकरित उद्योजकता असे म्हणतात. जोसेफ रॅफी आणि जिए फेंग या अभ्यासकांनी अमेरिकेतील आकडेवारीच्या आधारे 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, या मार्गाने टप्प्याटप्प्याने पूर्णवेळ उद्योगात उतरलेल्यांचा उद्योग बंद पडण्याचा धोका, एकदम नोकरी सोडून उतरलेल्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. येथे एक इशारा मात्र आवश्यक आहे. शासकीय कर्मचाऱ्यांना पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करण्यास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मनाई करतात आणि अनेक खाजगी नेमणूकपत्रांतही तशी अट असते, म्हणून जोडउद्योग सुरू करण्यापूर्वी नेमणुकीच्या अटी वाचणे अपरिहार्य ठरते.

याच परिसरातील सर्वांत प्रसिद्ध उद्योजकाचे चरित्र या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 मधला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग नीट ओळखता येत नसल्याचे ध्यानात आल्यावर ते रंगकाम सोडून यांत्रिक रेखनाकडे, म्हणजे यंत्रांच्या आराखड्यांकडे, वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. त्यांची मुंबईतील नोकरी चालू असतानाच, 1888 मध्ये, बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले होते आणि त्यात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा भागीदार होते. पुढे बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि लोकांच्या स्मरणात राहिला तो हा स्वाभिमानाचा प्रसंगच. परंतु ज्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली, त्या दिवशी बेळगावात एक दुकान, एक विश्वासू भागीदार आणि यंत्रांशी झालेली प्रत्यक्ष ओळख या तिन्ही गोष्टी अगोदरपासून तयार होत्या, ही बाब क्वचितच कोणी सांगतो. तो राजीनामा त्या संक्रमणाच्या मध्यावर आलेला होता.

याच चरित्रावरून आणखी एका समजाचे निराकरण होते, तो म्हणजे नवी ओळख धारण करायची तर जुनी पुसून टाकावी लागते. कलाशाळेत कमावलेला रेषेवरचा हात आणि तंत्रशाळेत शिकवताना मुरलेले यंत्रज्ञान यांतूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर यांचे आराखडे निघाले. चित्रकार मागे पडला, शिक्षकही मागे पडला, पण दोघांचे कसब कारखान्यात आले. समाजशास्त्रज्ञ हेलन रोझ एबॉ यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘भूमिकात्याग’ ही संकल्पना मांडली आहे. एखादी सामाजिक भूमिका सोडणारा माणूस प्रथम शंका, मग पर्यायांचा शोध, मग निर्णायक वळण आणि शेवटी ‘माजी’ म्हणून नव्या जीवनाची घडण अशा चार टप्प्यांतून जातो आणि सोडलेली भूमिका त्याच्या नव्या ओळखीचा भाग बनून राहते, असे त्या सांगतात. एबॉ स्वतः पूर्वी ख्रिस्ती जोगीण, म्हणजे नन, होत्या, म्हणून त्यांच्या या विवेचनाला वेगळे वजन आहे. चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या जवानांचा जिल्हा असलेल्या साताऱ्याला हा सिद्धांत नव्याने शिकवण्याची गरज नाही, कारण तेथे माजी सैनिकाने उघडलेल्या हॉटेलाच्या वा दुकानाच्या पाटीवर ‘फौजी’ हा शब्द अभिमानाने लिहिलेला असतो आणि गिऱ्हाईकही त्या शब्दाकडे वक्तशीरपणाची व सचोटीची हमी म्हणून पाहते.

उद्योग म्हणजे स्वतःचा मालक स्वतः होणे, कोणाचे ऐकावे न लागणे, हा समज तर नोकरी सोडण्याचे सर्वांत मोठे आकर्षण असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, कारण नोकरदार एका वरिष्ठाला उत्तरदायी असतो, तर उद्योजकाला गिऱ्हाईक, बँक, कच्चा माल पुरवणारा, कामगार आणि कर विभाग या सर्वांपुढे एकाच वेळी उभे राहावे लागते. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर सुमारे दोन वर्षे खपत नव्हता, कारण लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची धारणा होती. नांगर उत्तम होता, आराखडा अचूक होता, पण तो शेतकऱ्याच्या रानात चालल्याशिवाय त्याच्या कर्त्याला कोणी कारखानदार मानायला तयार नव्हते. वेतनश्रेणी आणि पदनाम संस्थेकडून मिळते, उद्योजकाचे पद मात्र त्याला बाजाराकडूनच मिळते आणि त्याची तारीख कोणीच आधी सांगू शकत नाही.

हे पद एकट्याच्या कर्तृत्वाने मिळते, असेही मानले जाते. बेळगावातील जागा नगरपालिकेच्या योजनेत गेल्यामुळे किर्लोस्कर बंधूंचा कारखाना उघड्यावर आला, तेव्हा 1909 मध्ये औंध संस्थानाच्या गादीवर आलेल्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. तेथे 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, म्हणजे या एकाच घटनेने आजचे दोन्ही जिल्हे जोडले गेले आहेत. कारखाना लक्ष्मणरावांनी पाहिला, वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली आणि आसरा संस्थानाने दिला. त्या वेळी लक्ष्मणराव चाळिशीत होते, म्हणून उद्योग हे तरुणांचेच काम आहे या समजाविषयी वेगळा युक्तिवाद करण्याची गरज उरत नाही. अमेरिकेतील सर्वाधिक वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे स्थापनेच्या वेळचे सरासरी वय 45 वर्षे असल्याचे पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातही दिसून आले आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर गैरसमज अधिक ठोस आणि अधिक महाग पडणारे आहेत. दुकानाचे नाव ठरले, शिक्का केला, उद्यम नोंदणी झाली, की उद्योगाला स्वतंत्र अस्तित्व मिळाले, असे अनेकांना वाटते. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी ही सूक्ष्म, लघू वा मध्यम उद्योग म्हणून मिळणारी ओळख आहे, ती पूर्णपणे निःशुल्क आहे आणि तिच्यामुळे कायद्याच्या दृष्टीने नवी ‘व्यक्ती’ जन्माला येत नाही. एकल मालकीच्या उद्योगात मालक आणि उद्योग एकच असतात, पॅन क्रमांक एकच असतो आणि धंद्याची देणी मालकाच्या घरादारापर्यंत पोहोचू शकतात. वेगळे अस्तित्व आणि मर्यादित दायित्व हवे असल्यास 2008 च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी किंवा 2013 च्या कंपनी कायद्याखालील एकव्यक्ती कंपनी अथवा खाजगी कंपनी हे मार्ग आहेत. किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी 1920 मध्ये झाली, म्हणजे किर्लोस्करवाडी वसल्यानंतर दहा वर्षांनी, यावरून प्रत्येकाने पहिल्याच दिवशी कंपनी काढली पाहिजे असे नाही, हेही लक्षात येते. त्याचप्रमाणे पहिल्या विक्रीपासून जीएसटी नोंदणी सक्तीची असते हा समजही चुकीचा आहे. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मालाच्या विक्रीसाठी वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आणि सेवांसाठी 20 लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर ती आवश्यक होते, अर्थात परराज्यात माल विकणे यांसारख्या काही प्रसंगी नियम वेगळे आहेत.

नोकरी सोडणाऱ्याच्या मनात दडून असणारी एक भीती म्हणजे जुन्या कंपनीने लिहून घेतलेला करार. ‘राजीनाम्यानंतर तीन वर्षे याच क्षेत्रात धंदा करणार नाही’ अशी अट असेल तर हात बांधले गेले, असे समजून कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कुशल कामगार आयुष्यभर गप्प बसू शकतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्यवत, म्हणजे कायद्याने निष्प्रभ, ठरतो आणि नोकरी संपल्यानंतरच्या अशा अटी न्यायालये सामान्यतः मानत नाहीत. परंतु जुन्या मालकाचे आराखडे, दरपत्रके किंवा गिऱ्हाइकांची गोपनीय यादी सोबत नेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. अंगी मुरलेले कौशल्य माणसाचे असते आणि कागद कंपनीचे असतात.

सर्वांत नकळत टिकून राहणारी नोकरदाराची खूण म्हणजे पगाराची तारीख. महिन्याच्या सुरुवातीला खात्यात रक्कम पडण्याची सवय लागलेला माणूस पहिल्या चांगल्या महिन्याचा गल्ला हाच आपला पगार समजतो आणि घरखर्च त्यावर बेततो. गल्ला म्हणजे विक्री असते. तीतून माल, भाडे, मजुरी, व्याज आणि कर वजा जाता उरतो तो नफा, आणि मालकाने घरासाठी धंद्यातून काढलेली रक्कम ही हिशेबाच्या भाषेत ‘उचल’ ठरते. ही उचल दरमहा ठरावीक ठेवणे, घराचे आणि धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवणे आणि पहिल्या वर्षापासून धंद्याचे विवरणपत्र भरणे, ही ओळख बदलण्याची खरी कामे आहेत, कारण पगाराची पावती हातातून गेल्यावर बँकेच्या लेखी माणसाची पत याच कागदांवरून ठरते. मराठा समाजातील तरुणांच्या उद्योगकर्जांवरील व्याजाचा परतावा देणारे आर्थिक मागास विकास महामंडळ माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या नावाने उभे आहे, आणि अण्णासाहेब मूळचे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे होते. कष्टकऱ्याची ओळख आणि उद्योजकाची ओळख या परस्परविरोधी आहेत असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

उरतो तो घरच्यांचा आणि भावकीचा समज, की धंदा बंद करून पुन्हा नोकरीला लागणे म्हणजे नाक कापले जाणे. धंद्यात दोन वर्षे घालवलेल्या माणसाने खरेदी, वसुली, कामगार आणि कागदपत्रे या चारही आघाड्यांचा अनुभव घेतलेला असतो आणि तो घेऊन नोकरीत परतलेला माणूस पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा असतो, शिवाय पुढच्या प्रयत्नासाठी त्याची तयारीही वाढलेली असते. लग्न जुळवताना आजही या दोन्ही जिल्ह्यांत ‘मुलगा कायम नोकरीत आहे का’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि नवा उद्योग सुरू करणाऱ्याच्या मार्गात तो बँकेच्या नकाराइतकाच आडवा येतो. बेळगावच्या सायकलींच्या दुकानापासून किर्लोस्करवाडीच्या माळापर्यंत 22 वर्षे लागली होती. घरातील कोणी उद्योगाची वाट धरली असेल, तर सातारा-सांगलीच्या कुटुंबांनी त्याला निदान तीन-चार वर्षांचा अवधी द्यावा आणि त्या काळात ‘काही जमले का’ असे दर महिन्याला विचारण्याऐवजी त्याच्या वहीतील हिशेब त्याच्यासोबत बसून पाहावा.