ऑर्किडला ऊन लागतं

नोव्हेंबरची ९, १०, ११ तारीख आली, की कोल्हापूरकर मावळतीकडे डोळे लावून बसतो. पुन्हा ३१ जानेवारीपासून २ फेब्रुवारीपर्यंत तसंच. अंबाबाईचा किरणोत्सव. महाद्वारातून आत आलेलं मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर पडतं, मग कमरेपर्यंत चढतं, मग मुखावर येतं. एरवी वर्षभर ते तिथवर पोचत नाही. सूर्य रोज आपली जागा बदलतो, हे या गावाला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही गॅलरीतली ऑर्किडची कुंडी आपण बारा महिने एकाच खिळ्याला टांगून ठेवतो आणि फूल आलं नाही की खताला दोष देतो. मला तरी घरोघरच्या ऑर्किडांचं निम्मं दुखणं उजेडाचं वाटतं.

‘ऑर्किड जंगलातलं, म्हणून त्याला सावली हवी’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. राधानगरी-दाजीपूरच्या किंवा आंबा घाटाच्या रानात गेलात तर ऑर्किड कुठे वाढतं ते नीट बघा. ते झाडाच्या बुडाशी क्वचित दिसतं. बहुतेक आमऱ्या (ऑर्किडचं मराठी नाव आमरी) वर, फांद्यांच्या बेचक्यात बसलेल्या असतात. जमिनीवर अंधार म्हणूनच त्या झाडावर चढल्या; ती सगळी धडपड उजेडासाठीची. (त्या बांडगूळ नव्हेत. बांडगूळ झाडाचा रस ओढतं. आमरी झाडाकडून फक्त बसायला जागा घेते.)

सीतेची वेणी ही आमरी अनेकदा ऐनासारख्या पानझडी झाडावर असते. उन्हाळ्यात ऐन निष्पर्ण होतो, तेव्हा त्या आमरीवर फांद्यांमधून भरपूर ऊन येतं. मे-जूनच्या सुमाराला तिची गुलाबी-पांढरी वेणी लोंबू लागते. मग ऐनाला नवी पालवी फुटते, वर ढग दाटतात आणि ती सावलीत जाते. म्हणजे आपल्याकडच्या रानातल्या आमरीला ऊन मिळतं ते कोरड्या महिन्यांत आणि सावली मिळते पावसाळ्यात. घरात आपण नेमकं उलटं करतो. उन्हाळ्यात कुंडी उचलून आत, कोपऱ्यात, आणि पावसात ती तिथेच राहते.

‘घरात एवढा उजेड आहे की!’

आपल्या डोळ्यांवर इथे विश्वास ठेवू नये. डोळा अंधाराला चटकन सरावतो, पानाला ती सोय नाही. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांब, जेमतेम ३०० ते ५०० लक्स. फॅलेनॉप्सिस हे कमी उजेडावर भागवणारं ऑर्किड, त्यालाही १० ते १५ हजार लागतात. डेंड्रोबियम आणि कॅटलियाला २० ते ३० हजार, व्हँडाला त्याहूनही जास्त. टीव्हीशेजारी ठेवलेलं फुललेलं फॅलेनॉप्सिस दोन-तीन महिने सुंदर दिसतं, कारण ती फुलं रोपवाटिकेतल्या उजेडावर तयार झालेली असतात. पुढच्या वर्षीची तयारी मात्र त्या कोपऱ्यात होत नाही.

मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं. नसेल तर दुपारी पानांच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावली पुसट, पण हाताची आहे हे कळण्याइतपत पडली तर फॅलेनॉप्सिसची सोय झाली. सावलीच पडत नसेल तर उजेड कमी. काळीभोर, रेखीव पडली तर ती जागा व्हँडाला द्या.

‘दक्षिणेची गॅलरी उजेडाची, उत्तरेची सावलीची’

हे पुस्तकातून आलेलं. ती पुस्तकं युरोप-अमेरिकेतली, तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. कोल्हापूर कर्कवृत्ताच्या बरंच खाली, सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ७ मेच्या आसपास सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. तिथून ५ ऑगस्टच्या सुमारापर्यंत, जवळजवळ तीन महिने, आपला दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो.

त्यामुळे मे महिन्यात उत्तरेच्या गॅलरीतसुद्धा ऊन येतं, आणि सकाळी-संध्याकाळी तर चांगलंच तिरपं येतं. ‘इथे कधी ऊन येतच नाही’ म्हणून निर्धास्त ठेवलेली रोपं तेव्हा होरपळतात. जून-जुलैत दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन शिरत नाही, त्यात वर ढगांचं छत. वर्षातले सगळ्यात अंधारे दिवस तिथे पावसाळ्यात येतात, दिवस सर्वांत मोठा, सुमारे १३ तासांचा असूनही. तेव्हा कुंडी कठड्याला आणा. वर सावलीची जाळी असेल तर गुंडाळून ठेवा.

डिसेंबरात याच्या उलट. सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ५० अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट भिंतीपर्यंत पोचतं. ते कोवळं असतं. घाबरून कुंडी मागे ओढू नका. फॅलेनॉप्सिसपुढे एक पातळ पडदा पुरतो.

‘पानं जळतात ती मे महिन्यात’

माझ्याकडे पान जळालं ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. चार महिने ढगाखाली वाढलेलं फॅलेनॉप्सिसचं नवं पान, टवटवीत आणि नाजूक. पाऊस थांबला, आकाश एकदम धुतल्यासारखं निघालं, आणि दक्षिणेकडे सरकलेलं दुपारचं ऊन दोन तास त्याच पानावर पडलं. संध्याकाळी रुपयाच्या नाण्याएवढा दुधी डाग. दोन दिवसांत तो तपकिरी झाला, मग मधोमध कागदासारखा वाळला. कुजणारा डाग ओलसर असतो आणि पसरत जातो; उन्हाचा डाग जिथल्या तिथे कोरडा राहतो. म्हणून मी ते पान कापलं नाही. उरलेला हिरवा भाग अजून काम करतो आहे.

मे महिन्यात आपण सावध असतो. ऑक्टोबर हीटला आणि श्रावणातल्या उघडिपीला नसतो. पान उन्हाला सरावायला दोन-तीन आठवडे घेतं, तेवढ्यापुरती जाळी पुन्हा लावा. पानाला हाताची मागची बाजू लावून बघायची सवय ठेवा. पान गरम लागलं तर त्याच क्षणी जागा बदला किंवा वारा खेळता करा, कारण जाळते ती पानात साठलेली उष्णता.

जाळीचंही एक सांगून ठेवते. दुकानात ‘७५ टक्के’ म्हणून मिळणारी शेडनेट ७५ टक्के उजेड अडवते, आत येतो २५ टक्के. फॅलेनॉप्सिससाठी ती ठीक. डेंड्रोबियम-व्हँडाला ५० टक्क्यांची घ्या.

‘गडद हिरवं पान म्हणजे निरोगी झाड’

मेथी-पालकाच्या जुडीवरून झालेला हा समज. ऑर्किडचं पान गडद, लांब आणि लुळं होत असेल तर ते उजेड शोधतं आहे. कोवळ्या कैरीसारखा, किंचित पिवळसर हिरवा रंग हवा. काही जातींत पानाच्या कडेला तांबूस छटा येते. तिथे थांबा, त्यापुढे ऊन वाढवू नका.

उजेड कमीच असेल तर जांभळे-गुलाबी दिवे आणायची गरज नाही, साधी पांढरी एलईडी ट्यूब फूटभर अंतरावर बारा तास पुरेशी मदत करते. रात्री मात्र ती बंद करा. फॅलेनॉप्सिस, व्हँडा आणि इतर कितीतरी ऑर्किड हवेतला कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्री आत घेतात. अंधार हा त्यांच्या कामाचाच वेळ असतो.

‘सगळीकडून ऊन लागावं म्हणून कुंडी फिरवत राहा’

एरवी फिरवायला हरकत नाही. पण दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या, की ज्या फॅलेनॉप्सिसला वर्षभर नीट उजेड मिळालेला असतो त्याच्या पानाच्या बगलेतून फुलाची दांडी निघते. ती उजेडाकडे वळत वाढते आणि कळ्याही तिकडेच तोंड करतात. मध्येच कुंडी फिरवली तर दांडी पिळवटते, फुलं एकमेकांकडे पाठ करून उमलतात. दांडी दिसली त्या दिवशी मी कुंडीच्या उजेडाकडच्या कडेला लाल दोरा बांधते, म्हणजे पाणी घालायला उचलली तरी ती परत त्याच तोंडाने ठेवता येते. नोव्हेंबरच्या किरणोत्सवाच्या सुमाराला बांधलेला दोरा दुसरा किरणोत्सव होऊन पहिली कळी उमलेपर्यंत तसाच असतो.