सागाच्या मुलखातलं गलबत

यवतमाळला समुद्र नाही, पण जहाजाचं लाकूड आहे. टिपेश्वर, पांढरकवड्याकडे सागाची जंगलं आहेत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे! सागातलं तेल पाणी आणि कीड दूर ठेवतं. शिवाय ओकसारखा तो लोखंडी खिळे खात नाही.

मग घरी छोटं गलबत करायचं तर सागच घ्यावा? माझं मत, नाही. 1:48 प्रमाणात 24 सेंटिमीटरची फळी 5 मिलिमीटरची होते. तेवढ्याशा पट्टीवर सागाची मोठी छिद्रं भलतीच ठसठशीत दिसतात. बारीक पोताचा हळदू त्याहून सरस.

पट्टी वाकवण्याआधी भिजवून गरम करावी. पेशींना जोडणारं लिग्निन ओल आणि उष्णतेने मऊ होतं, थंड झालं की तोच बाक धरून ठेवतं. इथली खरी अडचण हवेची आहे. उन्हाळ्यात लाकूड रुंदीत आकसतं, पावसाळ्यात फुगतं. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. म्हणून वाकवलेली पट्टी पूर्ण वाळल्याशिवाय चिकटवू नका, नाहीतर मे महिन्यात सांध्यांत फटी पडतील. लाकडासाठी आरागिरणीतले उरलेले तुकडे पुरतात. तिथे आधी विचारा.