घरचे टिंक्चर : आधी द्रव ओळखा

टिंक्चर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना खरचटलेल्या गुडघ्यावर झोंबणारी आयोडीनची तांबूस बाटली आठवते. होमिओपॅथीचे औषध घेणाऱ्यांना ‘मदर टिंक्चर’ ठाऊक असते. तत्त्व एकच. औषधी द्रव्य मद्यार्कात उतरवून ठेवायचे. काढा दुसऱ्या दिवशी आंबतो, मद्यार्कातला अर्क वर्षानुवर्षे टिकतो. शिवाय राळ व सुगंधी तेले पाण्यात नीट उतरत नाहीत, ती मद्यार्कात उतरतात.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला. दर हिवाळ्यात आईला खोकला होतो म्हणून घरीच काही करावे असे मनात आले आणि मी औषधाच्या दुकानात जाऊन सरळ ‘स्पिरिट’ मागितले. सुदैवाने ती बाटली आमच्या चाळीतील एका निवृत्त कंपाउंडर काकांनी पाहिली. ते म्हणाले, “हे जखम पुसायचे आहे, पोटात घ्यायचे नाही.” सर्जिकल स्पिरिट, पॉलिशचे स्पिरिट यांत ते कोणी पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांतले मिथेनॉल पोटात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि पहिला घाला डोळ्यांच्या नसेवर पडतो. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, तीही मिथेनॉलनेच. पिण्यायोग्य शुद्ध मद्यार्क परवान्याशिवाय मिळत नाही, आणि पंचशील पाळणाऱ्या घरात तो आणावा असे अनेकांना वाटणारही नाही.

या बाबतीत विनयपिटकाच्या महावग्गातील नोंद पाहण्यासारखी आहे. आजारी भिक्षूसाठी औषधी तेल कढवताना त्यात मद्य घालण्याची अनुज्ञा तेथे आहे. पण तेलाला मद्याचा रंग, वास वा चव येता कामा नये. जास्त पडले तर ते तेल पिण्यासाठी नाही, अंगाला चोळण्यासाठी. द्राक्षासवासारख्या आसवांतही आंबण्याने साधारण पाच ते दहा टक्के मद्यार्क तयार होतो, हे ती नियमित घेणाऱ्या कित्येकांना माहीत नसते. असो.

मद्यार्क नको असेल तर ग्लिसरीन वापरता येते. (असा अर्क काटेकोरपणे टिंक्चर नव्हे, पण घरात त्यालाही टिंक्चरच म्हणतात.) येथेही द्रवाचीच काळजी. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, ते रोगाने नव्हे, औषध म्हणून दिलेल्या भेसळयुक्त ग्लिसरीनने. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते, ज्याने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. म्हणून ग्लिसरीन औषधाच्या दुकानातूनच घ्यावे, सीलबंद, ‘आयपी’ अक्षरे, बॅच नंबर व मुदत पाहून, आणि बिलासह. स्वस्त सुटे ग्लिसरीन कितीही गोड लागले तरी नको. ते विषही गोडच असते.

माझा बेत ज्येष्ठमधाचा होता. काकांनी विचारले, “आईंना बीपीची गोळी चालू आहे ना?” ज्येष्ठमध अधिक दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, शरीरातले पोटॅशियम कमी होते. मग तुळस घ्यायचे ठरले. अडुळसाही होता (खोकल्याचे ब्रोमहेक्झिन हे औषध त्यातल्याच व्हॅसिसिनवरून तयार झाले), पण घरात सून गरोदर होती आणि गरोदरपणी अडुळसा वर्ज्य.

पहिली बरणी बिघडली. पाने धुऊन ओलीच भरली होती. पाणी वाढले, आठव्या दिवशी वर पांढरी बुरशी. सगळे मोरीत ओतले. दुसऱ्या वेळी पाने सावलीत कुरकुरीत वाळवली. १० ग्रॅम पाने चुरून उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत घातली. ७५ मिलिलिटर ग्लिसरीनमध्ये २५ मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी मिसळून ओतले. पाने द्रवाखाली बुडलेली हवीत. झाकण घट्ट, जागा अंधारी, रोज एकदा हलवायचे. तीन आठवड्यांनी मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळले. चिकट द्रव आहे, घाई चालत नाही. ग्लिसरीन राळ फारशी ओढत नाही, त्यामुळे सुंठीचा झणका यात अपेक्षू नये.

काकांनी एक चमचा कोमट पाण्यात घ्यायला सांगितले, तेही आईच्या डॉक्टरांना विचारून. दोन आठवडे उलटूनही खोकला राहिला तर बरणी बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करायची, हेही बजावले. तपासणी तेथे मोफत होते.

बँकेत तारखेविना व्हाउचर पुढे सरकत नाही. तीच सवय येथे कामी आली. आमच्या बाटलीवरच्या पट्टीवर वनस्पतीचे नाव, ग्लिसरीनचा बॅच नंबर, भरल्याची व गाळल्याची तारीख आहे. आणि खाली आईच्या अक्षरात ‘पोटात घेण्याचे’.