नेम चुकला की खेळ चुकला?

संघ हरू लागला की कट्ट्यावर दोनच निदाने ऐकू येतात: ‘खेळाडूंत दम नाही’ किंवा ‘प्रशिक्षक बदला’. बास्केटबॉलचे विश्लेषक मात्र आधी तक्ते उघडतात. अमेरिकी संख्यातज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी २००४ मधील आपल्या पुस्तकात हार-जीत चार गोष्टींवर तोलली: नेमबाजी, चेंडू गमावणे, आपलाच हुकलेला चेंडू पुन्हा मिळवणे आणि फ्री थ्रो. त्यांचे वजन अंदाजे ४०, २५, २० आणि १५ टक्के. दुखणे कुठे आहे, ते यातून समजते. कशामुळे आहे, ते समजायला व्हिडिओ लागतो.

२०११ च्या एनबीए अंतिम फेरीत डॅलस मॅव्हेरिक्स संघ मायामी हीटविरुद्ध १-२ असा मागे पडला होता. डॅलसचा राखीव खेळाडू होजे हुआन बेरिया याचे तीन सामन्यांत २३ पैकी फक्त ५ शॉट पडले होते. नुसता आकडा पाहणाऱ्याने त्याला बाकावरच ठेवले असते. पण खेळ पाहिला तर चित्र वेगळे होते. हा लहानखुरा खेळाडू बचाव भेदून थेट बास्केटपर्यंत पोहोचत होता. हुकत होते त्यात जवळचे, एरवी पडणारे शॉट होते. शिवाय २३ शॉट म्हणजे नमुना अगदीच छोटा. कोणते खेळाडू एकत्र कोर्टवर असताना संघ आघाडी घेतो, याचा हिशेब मांडायला रोलंड बीच हे संख्यातज्ज्ञ संघाबरोबर होतेच.

चौथ्या सामन्यात प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी बेरियाला सुरुवातीच्या पाचांत घेतले. डॅलसने तो सामना ८६-८३ असा जिंकला. त्यात बेरिया काही फार चमकला नाही. अंगात ताप असताना खेळलेल्या डर्क नोव्हित्स्कीचा वाटा मोठा होता. पुढच्या दोन सामन्यांत मात्र बेरियाने १७ आणि १५ गुण केले, आणि डॅलस ४-२ ने विजेता ठरला. श्रेय एकट्या तक्त्याला देणे घाईचेच.

२०१३-१४ च्या हंगामापासून एनबीएच्या प्रत्येक स्टेडियमच्या छताखाली सहा कॅमेरे बसले. सेकंदाला २५ वेळा ते चेंडूची आणि दहाही खेळाडूंची जागा टिपू लागले. शॉट घेताना बचावपटू किती फूट दूर होता, हेही त्यामुळे मोजता येते. मोकळा शॉट हुकतो आहे की मोकळा शॉट मिळतच नाही, हे एकदा कळले की प्रशिक्षकाला सरावात काय घ्यायचे ते ठरवता येते.