नेटवर्क संथ झालं की दोष ड्रायव्हरचाच? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्व्हरचं नेटवर्क मंदावलं की पहिला संशय नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरवर येतो. तो बदलला जातो, सेटिंग्ज फिरवल्या जातात आणि ट्रॅफिकचं स्वरूप बदलताच तक्रार पुन्हा उभी राहते. त्यामुळे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी पुढचे पाच गैरसमज आधी दूर करायला हवेत.

गैरसमज १ : मोठी फाइल झरझर कॉपी झाली, म्हणजे ड्रायव्हर ठणठणीत आहे.
वस्तुस्थिती : ड्रायव्हरवर खरा ताण पडतो तो पॅकेट्सच्या संख्येचा. १० गिगाबिटच्या लिंकवर १५१८ बाइटच्या फ्रेम्स सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार जातात. त्याच ६४ बाइटच्या असतील तर सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. म्हणूनच १९९९ च्या आरएफसी २५४४ मध्ये इथरनेटची चाचणी ६४ ते १५१८ बाइटच्या सात आकारांनी करायला सांगितली आहे. डीएनएस किंवा व्हॉइस कॉलची पॅकेट्स लहान असतात, म्हणून त्यांचा सर्व्हर केवळ फाइल कॉपी करून तपासू नये.

गैरसमज २ : सीपीयू १२ टक्केच वापरात आहे, मग अडथळा तिथे कसा असेल?
वस्तुस्थिती : ८ पैकी एकच कोअर पूर्ण भरला, तरी सरासरी १२.५ टक्केच दिसते. आरएसएस, म्हणजे आलेली पॅकेट्स अनेक कोअरमध्ये वाटण्याची सोय, सुरू असताना कार्ड पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून पॅकेटची रांग ठरवतं. एका कनेक्शनची सगळी पॅकेट्स सहसा एकाच रांगेत, म्हणून एकाच कोअरकडे जातात. त्यामुळे सरासरीवर न थांबता प्रत्येक कोअरचा सॉफ्टआयआरक्यूवर, म्हणजे कर्नलमध्ये पॅकेट्स हाताळण्यावर, जाणारा वेळ पाहावा.

गैरसमज ३ : रिंग बफर जितका मोठा तितका चांगला.
वस्तुस्थिती : रिंग बफर म्हणजे कार्डवर आलेली पॅकेट्स ड्रायव्हर उचलेपर्यंत थांबतात ती रांग. अचानक आलेला लोंढा ती झेलते. पण सीपीयू सतत मागे पडत असेल, तर पॅकेट्स गळायची ती गळतातच, शिवाय रांगेतला विलंबही वाढतो.

गैरसमज ४ : १ गिगाबिटवर ९४१ मेगाबिटच मिळतात, उरलेले ड्रायव्हर खातो.
वस्तुस्थिती : तारेवरच्या प्रत्येक १५३८ बाइटमागे टीसीपीचा डेटा सहसा १४४८ बाइटच असतो. उरलेली जागा हेडर आणि फ्रेम्समधलं अंतर घेतं. ९४१ हा उत्तम निकाल आहे.

गैरसमज ५ : दूरच्या सर्व्हरशी वेग पडतो, तोही ड्रायव्हरमुळेच.
वस्तुस्थिती : टीसीपी विंडो ६४ केबी आणि जाण्या-येण्याचा वेळ १०० मिलिसेकंद असेल, तर कार्ड कितीही वेगवान असलं तरी एका कनेक्शनला सुमारे ५ मेगाबिटच मिळतात.

तेव्हा काहीही बदलण्याआधी इथटूल या लिनक्स आदेशाने दिसणारे कार्डचे काउंटर नोंदवून ठेवा, आपल्या खऱ्या ट्रॅफिकसारखा भार द्या आणि पॅकेट्स नेमकी कुठे गळतात ते शोधा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि पुन्हा मोजा. ड्रायव्हर दोषी असेलही, पण तो दोष आकड्यांनी सिद्ध होऊ द्या.