शिंका थांबतात, पण झोप येते



गाळप सुरू झाले की गटात फिरताना हमखास दिसते : फडातली धूळ, बांधावर फुललेले गाजर गवत, आणि कुणाला शिंका तर कुणाचे डोळे लाल. मग शेजारचा खिशातून बारीकशी गोळी काढतो, "ही घ्या, बरं वाटेल."

मागच्या हंगामात आम्हीही घेतली. शिंका थांबल्या, पण डोळे असे जड झाले की एका सभासदाचा खोडवा आडसाली म्हणून नोंदवला. चिटबॉयने चूक पकडली म्हणून बरे. त्या वेळी आम्ही दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालवत असतो तर?

अॅलर्जी असलेल्याच्या नाकात परागकण गेले की तिथल्या काही पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. ते नसांवर आणि बारीक रक्तवाहिन्यांवर ठरावीक जागी जाऊन बसते, तेव्हा खाज, शिंका, पाणी सुरू होते. गोळी हिस्टामिन नष्ट करीत नाही, फक्त त्याची जागा अडवते. गव्हाणीपुढे दुसऱ्याची गाडी उभी असली की आपली आत जात नाही, तसेच हे. वाहते नाक थांबते. चोंदलेले मात्र फारसे मोकळे होत नाही.

मेंदूत हेच हिस्टामिन माणसाला जागे ठेवते. क्लोरफेनिरामाईन, म्हणजे आपली सीपीएम, आणि फेनिरामाईन ही जुनी औषधे मेंदूतही शिरतात आणि तिथलीही जागा अडवतात. झोप आल्यासारखे वाटले नाही तरी हात-डोळ्यांचा मेळ बिघडतो. रात्रीच्या गोळीची गुंगी काहींना सकाळीही राहते. त्यावर दारू म्हणजे विचारूच नका. वयस्कर मंडळींची लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरी विचारल्याशिवाय घेऊ नये.

गाजर गवताने मानेवर, पापण्यांवर उठणारा इसब वेगळा. त्यात हिस्टामिनचा हात थोडा, म्हणून गोळ्या खात बसू नये. डॉक्टरांना दाखवून मलम घ्यावे. मधमाशी चावून घसा सुजला, दम लागला, तर गोळीची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा. तिथे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते.

लोराटाडीन, फेक्सोफेनाडीन ही नंतरची औषधे मेंदूत फारशी जात नाहीत. सेटिरिझिनने काहींना थोडी झोप येते. डॉक्टरांना "मी ट्रॅक्टर चालवतो" एवढे आधी सांगावे. आणि जुनी गोळी घेतलीच असेल, तर गट ऑफिसला कळवा. त्या खेपेला दुसरा ड्रायव्हर बघू.